विहिरीतला धनी

“मग एकट्या मलाच का द्यावं लागतं?” शार्दूलने विचारलं.

आप्पा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

“दस्तगीरभाई तलवार उपसतो, वार करतो, मोकळा होतो. त्याला कुणी विचारत नाही, काय आणलंस म्हणून. हेमाताई ढाल धरून उभी राहते, तिलाही नाही. मला मात्र साधा दिवा लावायचा तरी विहिरीत वाकून काहीतरी कबूल करावं लागतं. का?”

“तू करार केलास म्हणून,” आप्पा म्हणाले.

“पुस्तकात असला करार नाहीये.”

“नसेल.”

“नसेल नाही, नाहीच आहे. मी पान न् पान वाचलंय.”

“बरं.”

शार्दूलला भांडायचं होतं, आणि आप्पांच्या ‘बरं’शी कुणाला भांडता येत नाही. मी अकरा वर्षं प्रयत्न करतेय.

भांडण कशावरून ते आधी सांगते, नाहीतर चार मोठी माणसं भर दुपारी तलवार नि विहीर काय करतायत, असं वाटायचं.

मी हेमलता चौगुले. मिरजेतल्या एका जुन्या ग्रंथालयात काउंटरवर असते. किल्ल्या माझ्याकडे, म्हणून रविवारी दुपारी तीन ते सहा वरची खोली आमची. तिथे एक लांब टेबल आहे, एक कुरकुरणारा पंखा आहे आणि आमचा खेळ आहे.

खेळ तसा पोरकटच म्हणा. आप्पा गोष्ट सांगतात आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होतो. जंगल, गुहा, राक्षस, सगळं नुसतं बोलण्यातलं. वार लागला की हुकला, मंत्र चालला की फसला, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. नियमांचं जाडजूड पुस्तक आप्पांच्या पुतण्याने परदेशातून आणलं होतं. पुतण्या परत गेला, पुस्तक राहिलं.

आप्पा हेर्लेकर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं गाड्या पुकारल्या. आता घसा गेलाय. तीन वाक्यं बोलले की थांबतात, पाणी पितात, चौथं बोलायचं की नाही याचा विचार करतात. बहुतेक वेळा बोलत नाहीत.

दस्तगीर तंबोऱ्यांच्या कारखान्यात तारा चढवतो. खेळात तो तलवारबहाद्दर. मी ढालवाली.

आणि शार्दूल मगदूम. एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे त्याच्या कामालाही नाही. दिवसभर केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसायचं. आत बोलावलं की दीड मिनिटात पाठ केलेलं बोलायचं, हसायचं आणि बाहेर यायचं. बोलतो छान. त्याला ते माहीतही आहे.

सहा वर्षांपूर्वी तो आमच्यात आला तेव्हा म्हणाला, मी मांत्रिक होणार. साधा नाही, करारातला.

करारातला म्हणजे ज्याची स्वतःची विद्या नाही. शक्ती दुसऱ्या कुणाची तरी. शार्दूलच्या मांत्रिकाचं नाव तमाल. त्याला शक्ती देतो तो एक कोरड्या विहिरीत शेकडो वर्षं अडकलेला कुणीतरी. कोण ते आप्पांनी कधी सांगितलं नाही. आम्ही त्याला धनी म्हणतो.

धन्याचं बोलणं अर्थात आप्पांच्याच तोंडून.

धनी काय मागणार, असं शार्दूलने पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्याला रक्तबिक्त अपेक्षित असावं. आप्पांनी पिशवीतून एक पितळी तांब्या काढला, काठाला चेमटलेला, आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. रिकामा.

“ही विहीर,” ते म्हणाले. “आत बसून त्याला कंटाळा आलाय. एका मंत्राला एक खरी गोष्ट. तमालच्या मनातली. वाकून सांगायची.”

“एवढंच?” शार्दूल हसला होता.

“एवढंच.”

तेव्हापासून आमच्या टेबलाची ती रीतच झाली. मंत्र हवा असला की शार्दूलने तांब्यावर वाकायचं. आप्पांनी स्टँडवरच्या त्या जुन्या, खोल आवाजात विचारायचं, “काय आणलंस?” शार्दूलने सांगायचं. मग धन्याने म्हणायचं, “पोचलं. घे.” आणि मगच फासा.

पहिलं वर्ष फार मजेचं गेलं. “दस्तगीरच्या शूराला गावकरी हात जोडतात तेव्हा माझ्या पोटात दुखतं.” पोचलं, घे. “मला तलवारीची भीती वाटते म्हणून मी मांत्रिक झालो.” पोचलं, घे. दस्तगीर तर म्हणायचा, याचे मंत्र राहू देत, याची विहीर ऐकायला मी येतो.

मग दुसऱ्या वर्षी तो लांडग्यांचा रविवार आला.

लांडग्यांनी आम्हाला घेरलं होतं. माझी ढाल फुटलेली. तमालच्या आगीशिवाय सुटका नव्हती. घाईच होती. शार्दूल तांब्यावर वाकला आणि एका दमात बोलून गेला, “वडील हाक मारतात तेव्हा मी लगेच उठत नाही. तिसऱ्या हाकेला उठतो.”

“पोचलं,” आप्पा म्हणाले. नेहमीपेक्षा हळू. “घे.”

आग लागली, लांडगे पळाले. दस्तगीर मात्र साधा माणूस. तो म्हणाला, “पण तमाल अनाथ आहे ना? तूच लिहिलंयस, नदीकाठी सापडला म्हणून.”

शार्दूलने तांब्याकडे बघितलं.

“अरे हो,” तो म्हणाला. “चुकलं. गुरू म्हणायचं होतं.”

त्याचे वडील तेव्हा नुकतेच अंथरुणाला खिळले होते. अर्धांगवायू. घरात दोघंच, हा आणि ते. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही कुणी काही बोललो नाही. मीही नाही. उठून चहा टाकायला गेले.

पुढच्या रविवारी शार्दूल वही घेऊन आला.

निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आत तमालच्या खऱ्या गोष्टी, घरी बसून लिहिलेल्या, ओळीने. मला उंचीची भीती वाटते. लहानपणी मी मित्राची बासरी लपवली होती. मी प्रार्थना करताना ओठ नुसते हलवतो. वापरली की टीक, आणि पुढची.

वाईट नव्हत्या हो गोष्टी. काही तर मला आवडायच्या. पण तो आता वाकायचा नाही. टेकून बसायचा आणि वाचायचा, डॉक्टरांपुढे बोलतो तसा, स्पष्ट नि हसतमुख.

आप्पांनी वहीला हरकत घेतली नाही. पुस्तकात तसा नियम नाही, असं शार्दूल म्हणाला असता आणि ते खरंच होतं. फक्त तेव्हापासून धनी ‘पोचलं’ म्हणेनासा झाला. काय आणलंस? मग वाचन. मग, “घे.” चार वर्षं हेच. शार्दूलच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. माझ्या आलं होतं.

या फेब्रुवारीत त्याचे वडील गेले. गुरुवारी, दुपारी.

आम्ही तिघं भेटायला गेलो. दारातच त्याने सांगितलं, “शांतपणे गेले. काही त्रास झाला नाही. मी घरीच होतो.”

मी आत बसले. शेजारचे आले, त्यांना त्याने सांगितलं, “शांतपणे गेले. काही त्रास झाला नाही. मी घरीच होतो.” इचलकरंजीचे मामा आले. पुन्हा तेच. तेच शब्द, थांबायचं तिथेच थांबणं, शेवटी तसंच किंचित मान हलवणं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं. मी चपला घातल्या.

त्यानंतर तो पाच रविवार आला नाही.

आणि आज आला तो हे भांडण घेऊन.

डोळे खोल गेलेले. दाढी नीट केलेली, कारण ती करावीच लागते. शर्टाला इस्त्री. माणूस मात्र चुरगळलेला दिसत होता.

“मला करार मोडायचाय,” तो म्हणाला. “पण तमालचे मंत्र राहिले पाहिजेत. सहा वर्षं खेळून मिळवलेत ते, फुकट नाही. हे जमत असेल तर बसतो. नसेल तर आजचा शेवटचा.”

दस्तगीरने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

कारण सरळ होतं. शार्दूल गेला की आम्ही दोघं उरणार, आणि दोघांत हा खेळ होत नाही. रविवारची बैठक मोडली असती. आणि लपवायचं कशाला, माझ्या आठवड्यात रविवार सोडला तर वाट बघण्यासारखं दुसरं काही नाही. मला त्याचा रागच आला होता. घरचं दुःख घरी ठेवावं, आमच्या विहिरीवर का काढतो, असंही मनात येऊन गेलं. तेव्हा आलं ते आलं.

“वही कुठाय?” आप्पांनी विचारलं.

“संपली.”

“सगळी?”

“सगळी.”

“दुसरी घे.”

“घेतली होती…” शार्दूल थांबला. “लिहायला बसलो. होत नाही.”

“का?”

“नाही होत, बस. प्रत्येक गोष्टीचं कारण कशाला पाहिजे तुम्हाला?”

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी लांबलचक ऐकायला मिळणार.

“सोडलं,” ते म्हणाले.

“काय?”

“करार. सोडला तुला. मंत्र तुझे. सगळे.”

“पण… धनी?”

आप्पांनी डोळे मिटले आणि त्या जुन्या आवाजात एकच शब्द म्हणाले, “जा.” मग डोळे उघडून साध्या आवाजात माझ्याकडे वळले. “हेमा, हा तांब्या घे आणि माठातलं पाणी भरून आण. घसा कोरडा पडलाय.”

“यात?” मी म्हटलं. “ही विहीर आहे.”

“नाही आता. तांब्या आहे.”

सहा वर्षांत त्या तांब्यात कुणी थेंब घातला नव्हता. मी तो विसळला, भरला, आणून ठेवला. मला ते आवडलं नाही. पण आप्पांना उलटून बोलायची माझी पद्धत नाही. म्हणजे आहे, पण आज बोलले नाही.

खेळ सुरू झाला.

मागच्या वेळी आम्ही डोंगराखालच्या एका गुहेत थांबलो होतो. आत सात दरवाजे, सातव्यामागे एक हरवलेला मुकुट. माझ्या ढालवालीचा पाय दगडाखाली सापडलेला. मे महिना संपेपर्यंत पुरेल एवढी ती गुहा होती. आप्पांनी तिचा नकाशा काढायला दोन महिने घालवले होते, मला माहीत होतं, कारण कागद माझ्याकडूनच नेले होते.

“तमाल दगड उचलतो,” शार्दूल म्हणाला. “मंत्राने.”

“झालं,” आप्पा म्हणाले.

“फासा?”

“कशाला? तुझी विद्या. तू मोकळा आहेस. हेमा, तुझा पाय सुटला.”

“बरं,” मी म्हटलं. दीड महिना अडकलेला पाय होता तो. त्याच्यासाठी मी काय काय योजून ठेवलं होतं. सुटला आणि मला काहीही वाटलं नाही.

“पहिला दरवाजा उघडतो.”

“झालं.”

“पलीकडे काय आहे?”

“राखणदार. आठ हातांचा.”

दस्तगीर सरसावून बसला. त्याला असले फार आवडतात.

“त्याला झोपवतो,” शार्दूल म्हणाला.

“झालं. झोपला.”

दस्तगीर मागे टेकला.

“दुसरा दरवाजा.”

“झालं.”

“तिसरा.”

“झालं.”

आप्पांचा आवाज तोच होता, पण त्यात कुणी नव्हतं. गाडी लागली, गाडी सुटली, एवढंच सांगणारा. चौथा झाला, पाचवा झाला. सहाव्याला शार्दूलने सवयीने मान पुढे केली, तांब्याच्या दिशेने. पाणी दिसलं. तो मागे झाला.

“सहावा,” तो म्हणाला.

“झालं.”

“सातवा…”

“झालं. मुकुट मिळाला. गुहा संपली.”

मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

पंखा तेवढा कुरकुरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी कलिंगडं ओरडत गेला.

“आता?” शार्दूलने विचारलं.

“आता काही नाही. पाणी घे हवं तर.”

“तो काहीच बोलला नाही.”

“कोण?”

“धनी.”

“तू सुटलास ना त्याच्यापासून.”

शार्दूलने मुठी आवळल्या. “तुम्ही मुद्दाम करताय, आप्पा. मला धडा शिकवायचाय. शिकवा. पण सरळ शिकवा.”

“मी काय धडा शिकवणार रे,” आप्पा म्हणाले. त्यांनी खुर्चीत मान मागे टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माणूस किती थकलाय. गळ्याची शीर न् शीर दिसत होती. “मी दमलोय. तुला खोटं वाटेल. सहा वर्षं मी त्या विहिरीत बसलोय. दर रविवारी. वर कुणी येतंय का, बघत.”

“मी येत होतो की.”

“वही येत होती.”

“वहीतलं सगळं खरं होतं.”

“असेल.”

“असेल काय? तमालच्या मनातली खरी गोष्ट, असं ठरलं होतं. मी एकही खोटी लिहिली नाही. एकही नाही. दाखवा.”

“नव्हतीच खोटी.”

“मग?”

आप्पांनी तांब्याकडे हात नेला, पण प्यायले नाहीत. नुसतं बोट काठावर ठेवलं, चेमटलेल्या जागी.

शार्दूलने बॅग उचलली. तीच औषधांची बॅग, रविवारीही बरोबर असते. पट्टा खांद्याला लावला. मी मनात म्हटलं, झालं, आमचा रविवार संपला.

तो दारापर्यंत गेला.

तिथे उभा राहिला.

“आप्पा.”

“हं.”

“एक उरलीय.”

आप्पांनी बोट काठावरून काढलं.

“वहीत नाहीये ती. ती लिहायला बसतो आणि… तीच येते, दुसरी येत नाही. म्हणून होत नाही. पाच आठवडे झाले. डॉक्टरांसमोर बोलतो, गोळ्यांची नावं सांगतो, आणि मागे तीच चालू असते. म्हणून म्हटलं करारच नको. विचारणारा कुणी नको.”

दस्तगीर उठायला लागला. बाहेर जावं, असं त्याला वाटलं असावं. शार्दूल म्हणाला, “बसा भाई. हेमाताई, तुम्ही पण बसा.”

आप्पा उठले. तांब्या उचलला. खिडकीपाशी गेले आणि पाणी खालच्या कढीपत्त्याच्या झाडाला ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामा तांब्या आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बसले.

काय आणलंस, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.

शार्दूल परत येऊन खुर्चीत बसला. बॅग खांद्यालाच. मग तो वाकला. चार वर्षांनी.

“गुरुवारी जेवून आलो होतो,” तो तांब्यात म्हणाला. आवाज आतून घुमून आला. “सकाळपासून अकरा डॉक्टर झाले होते. आडवा पडलो. पलीकडच्या खोलीतून बाबांनी हाक मारली. मी ऐकली. झोपलो नव्हतो. नीट ऐकली.”

खांद्यावरचा पट्टा घसरला, तो त्याने वर ओढला नाही.

“दमलो होतो. दिवसातून पन्नास वेळा मारायचे. उशी सरकली म्हणून, पंखा मोठा कर म्हणून, कधी नुसतीच. मग दुसरी मारली. मी म्हटलं, तिसरीला उठतो. नेहमीसारखं.”

दस्तगीरने खाली बघितलं. त्याच्या बोटांना तारांचे घट्टे आहेत, तेच तो अंगठ्याने चोळत होता.

“मी तिसरीची वाट बघत पडून होतो,” शार्दूल म्हणाला. “बराच वेळ. मला बरंही वाटलं, आज दोनदाच मारली म्हणून. डोळा लागला माझा.”

…

“ती आलीच नाही.”

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या मनात तो दुसऱ्या वर्षीचा रविवार आला, आणि मी टाकायला गेलेला चहा.

शार्दूल तसाच वाकलेला होता. रडत नव्हता. नुसता श्वास घेत होता. मग सहा वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप पुढे सरकला, फाशाकडे. काहीतरी सांगितलं की काहीतरी घ्यायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं.

आप्पांनी फाशावर आपला तळवा ठेवला.

शार्दूलने मान वर केली.

“राहू दे,” आप्पा म्हणाले. स्टँडवरचा आवाज नव्हता तो. घसा गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचाच होता. “पोचलं.”